पाहुणा ओटीवरच बरा

मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या निवृत्त मास्तराने जावा अ‍ॅपलेटवर लिहावे, याचे काहींना हसू येईल. पण विषय संगणकाइतकाच घराच्या शिस्तीचा आहे, म्हणून लिहितो.

आमच्या दांडीत आलेला माणूस ओटीवर बसतो. चहापाणी तिथेच. आत कपाटापर्यंत जायचे तर घरच्याने न्यावे लागते. १९९६ साली जावा भाषेची पहिली आवृत्ती आली तेव्हा तिच्या कर्त्यांनीही हाच नियम ठेवला. संकेतस्थळावरून आलेला अ‍ॅपलेट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, ब्राउझरमध्ये चित्रे हलवी, आकडेमोड करी. पण तुमच्या संगणकावरची एकही फाईल त्याला वाचता येत नसे. या कुंपणाला सँडबॉक्स म्हणत.

पुढे गरज पडली. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने डिजिटल सहीला मान्यता दिली. ई-निविदा, आयकर विवरणपत्र यांसाठी सही करणारे अ‍ॅपलेट आले. सहीची चावी तुमच्या संगणकात किंवा यूएसबी टोकनमध्ये. तिथवर हात पोचल्याशिवाय सही होणार कशी? तोडगा १९९७ च्या जावा १.१ पासून होताच. बनवणाऱ्याने अ‍ॅपलेटवर आपली सही करायची, वापरणाऱ्याने 'रन' दाबायचे. एकदा दाबले की सहसा सगळे घर मोकळे! हवी असायची एक फाईल, मुभा मिळायची सगळ्या फायलींची.

माझा आक्षेप इथेच आहे. पाहुणा कोण हे सही सांगते, आत जाऊन तो काय करील हे सांगत नाही. बोईसरला ठेकेदारी करणारा माझा भाचा निविदेच्या शेवटच्या दिवशी न वाचताच 'रन' दाबायचा. त्याला काय बोलणार? नाही दाबले तर निविदाच भरता यायची नाही. याला संमती म्हणत नाहीत.

शिवाय कुंपणालाही भोके पडली. जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याने ब्राउझरमधली जावा बंद ठेवण्याचा सल्ला दिला. २०१५ साली क्रोमने, २०१७ साली फायरफॉक्सने तिला दार बंद केले. २०१८ च्या जावा ११ मध्ये तर अ‍ॅपलेट चालवायची सोयच उरली नाही.

खरे तर चांगली वाट होती. जावा वेब स्टार्टमध्ये, आणि २००८ पासून अ‍ॅपलेटलाही, फाईल मागून घेण्याची सोय होती. खिडकी उघडे, फाईल तुम्ही निवडायची, प्रोग्रॅमला तेवढीच मिळे. मला हेच योग्य वाटते. वस्तू घरच्याने बाहेर आणून द्यावी, पाहुण्याच्या हाती किल्ल्यांचा जुडगा देऊ नये.

असो. अ‍ॅपलेट गेले, पण फोटो मागणारी अ‍ॅप्स आता खिशात आहेत. आयफोनवर २०२० पासून आणि अँड्रॉइडवर २०२३ च्या चौदाव्या आवृत्तीपासून 'सगळे' ऐवजी 'निवडलेले फोटो' देता येतात. तेव्हा भाचरांनो, नातवंडांनो, घरच्या म्हाताऱ्यांना फोन लावून देताना घाईने 'सगळे' दाबू नका. दुसरा पर्याय त्यांना दाखवा आणि निवडू द्या.