हवापालट आणि शेजारचे बेट

शाळेच्या सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या घराघरांत रेयुनियनचा विषय निघतो. विमानाने पाऊण तासाचा प्रवास. समुद्र तर आपल्या दारातच आहे, मग माणसे तिकडे जातात कशाला? डोंगर चढायला, धुक्यातल्या रानात हिंडायला, जागा ज्वालामुखी पाहायला आणि सिलाओसच्या ऊन झऱ्यांच्या पाण्यात अंग शेकायला. हल्ली याला 'आरोग्य पर्यटन' असे भारदस्त नाव मिळाले आहे. आपली वडीलधारी माणसे त्याला साधे हवापालट म्हणत.

ही गोष्ट नवी नाही. १८६७ साली मॉरिशसमध्ये हिवतापाची भयंकर साथ आली. हजारो माणसे दगावली, आणि ज्यांना शक्य झाले ते पोर्ट लुईस सोडून क्युरपीपच्या थंड पठारावर गेले. थोड्याच काळात ताप रेयुनियनलाही पोहोचला. तेथील सधन मंडळी सिलाओस आणि हेल-बूर या डोंगरगावांच्या आश्रयाला जाऊ लागली. हेल-बूरचे झरे तर फारच नावाजलेले होते. पण १९४८ च्या चक्रीवादळानंतर ते बंद झाले आणि गावाचे ते वैभव संपले. डोंगर देतो, तसा काढूनही घेतो.

ज्वालामुखीचेही तसेच. २,६३२ मीटर उंचीचा 'पितों द ला फुर्नेझ' हा जगातील अतिशय जागत्या ज्वालामुखींपैकी एक आहे. एप्रिल १९७७ मध्ये त्याचा लाव्हा पितों सेंत-रोझ गावात शिरला. घरे गेली, चर्चपाशी मात्र प्रवाह थांबला. त्यानंतर तेथे कायमचे निरीक्षण केंद्र उभे राहिले. आज धोक्याची चिन्हे दिसली की विवराकडची वाट बंद होते, मग प्रवासी कितीही असोत.

आणि ते धुक्यातले रान? समुद्रावरून येणारा दमट वारा डोंगराला अडतो, वर चढतो, थंड होतो आणि त्याचे ढग बनतात. बेलूव आणि बेबूरच्या जंगलातील झाडे, नेचे आणि शेवाळ ते पाणी टिपतात व जमिनीत मुरवतात. पाहुणा ज्याला शुद्ध हवा म्हणतो, ती या जंगलाची कमाई आहे.

रेयुनियनने २००७ साली राष्ट्रीय उद्यान स्थापन केले. २०१० मध्ये बेटाचा सुमारे ४० टक्के भाग जागतिक वारसा ठरला. आपल्याकडे चांगले मूळ जंगल २ टक्केही उरलेले नाही. तिकडचे पूर्वज अधिक शहाणे होते म्हणून असे झाले का? नाही. तिकडचे कडे उसासाठी फार उभे होते, आपली जमीन सोयीची होती. ज्या उसासाठी आपले रान गेले, त्याच उसासाठी आपले पूर्वज मुंबईहून जहाजात बसले. तेव्हा उसाला शिव्या देणे आपल्याला शोभणार नाही.

आंधळे अनुकरणही नको. रेयुनियन १९४६ पासून फ्रान्सचा विभाग आहे. त्याच्या पाठीशी पॅरिसची तिजोरी आहे. २०२३ साली तिकडे ५ लाखांहून थोडे अधिक प्रवासी आले, आपल्याकडे सुमारे १३ लाख. आपली चूल बऱ्याच अंशी पाहुण्यांवर पेटते. म्हणूनच आता 'डोंगर विका' असा मोह होणे साहजिक आहे. पण जे रान उरले आहे, त्यातच लाकडी बंगले आणि मालिशघरे उभारली, तर विकायला राहील काय?

आपले ब्लॅक रिव्हर गॉर्जेस उद्यान १९९४ साली झाले. तेथे मूळ झाडांचा मोठा शत्रू कोण? ज्याची फळे तोडायला आपण सहकुटुंब जातो, तो लाल चिनी पेरू! तो हाताने उपटून काढावा लागतो, तेव्हा कुठे आबनूसाच्या रोपाला जागा मिळते. हे काम सावकाश होते, खर्चाचे असते आणि त्याचे फोटो कोणी काढत नाही. आमच्या मते पर्यटनाचा पहिला पैसा तिकडे जायला हवा.

वाचकहो, रेयुनियनला अवश्य जा. पण जाण्याआधी एका रविवारी मुलांना पेत्रेंला न्या आणि आपल्या बेटाची चार मूळ झाडे नावानिशी ओळखायला शिकवा. वर्गात आबनूस म्हटले की मुले फळ्याकडे पाहतात; त्यांनी डोंगराकडे पाहावे, एवढीच आमची इच्छा आहे.