पंचवीस डिसेंबर, लेकरं आणि आजी-आजोबा



डिसेंबर लागला, की विहारात रविवारच्या वंदनेनंतर एक विषय हमखास निघतो. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या लेकरांच्या आया विचारतात, "भाऊ, शाळेतनं चिठ्ठी आलीय. चोवीस तारखेला लाल कपडे घालून, सांताक्लॉजची टोपी घालून पाठवा म्हणत्यात. पाठवू का नको?" त्यावर एखादे आजोबा बसल्या जागेवरून गरजतात, "अजिबात नाही! बावीस प्रतिज्ञा कशाला घेतल्या मग?" तरुण पोरं म्हणतात, "जाऊ द्या हो आबा, टोपीनं काय होतंय?" आणि लेकरू आईच्या पदराआडून एकदा इकडे बघतं, एकदा तिकडे. टोपी मिळणार का नाही, एवढीच त्याची काळजी.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या मंगळवेढ्यात हा प्रश्न नव्हता. नाताळ म्हणजे आम्हा कारकून मंडळींना एक दिवस सुट्टी, एवढंच. आता तालुक्याच्या बाजारातही डिसेंबरात लाल टोप्या आणि प्लॅस्टिकची झाडं टांगलेली दिसतात. लेकरांना ती दिसतात, शेजारच्या पोराकडे असतात, मग ती मागणारच. मागण्यात त्यांचा काही गुन्हा नाही.

पण "जाऊ द्या हो" हे उत्तर मला पटत नाही आणि "अजिबात नाही" हेही पटत नाही. दोन्ही उत्तरांत लेकराला कोणी काही सांगतच नाही. आपल्या घरात पंचवीस डिसेंबर ही तारीख काही मोकळी पडलेली नाही. १९२७ साली याच तारखेला महाडला परिषद भरली आणि त्या रात्री नऊच्या सुमारास मनुस्मृती जाळली गेली. परिषदेसाठी गावात कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी, जे जन्माने ब्राह्मण होते. त्याच मुक्कामात बाबासाहेबांनी आपल्या बायाबापड्यांना सांगितलं, की जात ओळखू येईल असं नेसणं आणि ते जड दागिने टाका, मुलींना शिकवा. काही महिला संघटना म्हणूनच हा दिवस भारतीय स्त्री मुक्ती दिन म्हणून पाळतात.

हे सगळं आपण मोठी माणसं व्याख्यानात ऐकतो. घरात लेकरांना कोण सांगतं? आमच्याकडे हे काम मुलांच्या आबांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे आहे. पहिल्या वर्षी त्यांनी गोष्ट सुरू केली आणि धाकट्याने त्यांना मध्येच अडवलं. तो तेव्हा पहिलीत होता. म्हणाला, "आबा, पुस्तकाला पाय लागला तर तुम्ही पाया पडायला लावता. मग बाबासाहेबांनी पुस्तक का जाळलं?"

आबा गप्प. पोराचा प्रश्न बरोबर होता. ज्या माणसाने पुस्तकं ठेवायला राजगृह बांधलं, त्याने पुस्तक जाळावं, हे सहा वर्षांच्या पोराला कसं समजावं? मी परदेशी कापडाच्या होळीचा दाखला देऊ लागलो. खुद्द बाबासाहेबांनीही तोच दाखला दिला होता. पण पोराला कापडाची होळी तरी कुठे माहीत? शेवटी आईच बोलली. ती चौथी शिकलेली. म्हणाली, "बाळा, माझ्या आयला एक अक्षर येत न्हवतं. डोकं न्हवतं म्हणून न्हाई. बाईनं शिकू नये, म्हारानं शिकू नये, असं त्या पुस्तकात लिवल्यालं, आन लोकं ते खरं मानायची. ते जाळलं म्हणून तुझ्या हातात पुस्तक आलं." पोराला तेवढं पुरलं. आम्हालाही.

तेव्हापासून आम्ही एक पद्धत पाडली आहे. संध्याकाळी त्रिसरण-पंचशील झाल्यावर घरातल्या प्रत्येकाने एका चिठ्ठीवर एक नियम लिहायचा. वस्तीत, शाळेत, घरात कुठेही ऐकलेला, पण अन्यायाचा. आबा त्या चिठ्ठ्या वाचतात आणि अंगणात घमेल्यात टाकून स्वतः काडी लावतात. लेकरांच्या हातात काडी द्यायची नाही, हे आधीच सांगून ठेवतो. गेल्या वर्षी थोरल्या मुलीने लिहिलं होतं, "भांडी ताईनेच घासायची." हा नियम कोणाचा, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आई काही बोलली नाही. चिठ्ठी मात्र घमेल्यात गेली आणि दुसऱ्या दिवशी धाकट्याच्या हातात नारळाची शेंडी आली. अजून टिकून आहे. भांडी नीट निघत नाहीत, ती गोष्ट वेगळी.

आता नाताळाकडे येतो. नाताळ हा साहेबाचा सण, गोऱ्यांचा सण, असं आपण सर्रास बोलतो. आपल्या जिल्ह्यापुरतं तरी ते खरं नाही. अहमदनगर, सोलापूर या भागात अमेरिकन मराठी मिशनचं काम एकोणिसाव्या शतकापासून चाललेलं. इथले बहुतेक ख्रिस्ती लोक आपल्याच महारवाड्या-मांगवाड्यातून गेलेले. त्यांच्या नाताळात करंज्या असतात, शेव-चिवडा असतो, अनारसे असतात. दारात कागदाची चांदणी टांगलेली असते, आपल्या आकाशकंदिलासारखीच. त्यांची भजनं मराठी आणि चालीही देशी. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी तर ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. यात साहेब कुठे आहे?

आमच्याच घरातलं सांगतो. आईची एक चुलत बहीण सोलापूरला ख्रिस्ती घरात दिलेली आहे. माझ्या मुलांची ती मावशीआजी. नोकरीत नर्स होती, आता घरीच असते. पण आमचं येणं-जाणं कित्येक वर्षं जवळजवळ बंद होतं. भांडण शेताचं नव्हतं की पैशाचं नव्हतं. माझ्या आजोबांनी छप्पन्न सालानंतर घरातले देव नदीत सोडले आणि तिकडच्या व्याह्यांना विचारलं, "बाबासाहेबांनी एवढा बुद्ध दिला, तरी तुम्ही तिकडंच का?" व्याह्यांनी उत्तर दिलं, "आम्ही तुमच्या आधीच गावकूस सोडलंय." दोघांच्याही जिव्हारी लागलं. मंगळवेढ्यात गावकूस हा काही नुसता शब्द नाही. चोखोबा याच गावची कूस बांधताना ती कोसळून तिच्याखाली गेले, असं परंपरा सांगते. ते साल १३३८. बाबासाहेबांनी अस्पृश्यतेच्या उगमावरचा आपला १९४८ चा ग्रंथ ज्या तिघांच्या स्मृतीला वाहिला, त्यात नंदनार आणि रविदासांबरोबर चोखामेळाही आहेत. अशा गावात गावकुसाबाहेर आधी कोण आणि मागून कोण, यावरून दोन घरं तुटली.

दोघांपैकी एकालाही एक गोष्ट ठाऊक नसावी. १ जानेवारी १९३८ रोजी बाबासाहेबांनी सोलापुरातच ख्रिस्ती लोकांपुढे भाषण केलं होतं. त्यात त्यांनी सांगितलं, की धर्मांतराचा विचार करताना जगातल्या दोनच व्यक्ती त्यांच्या डोळ्यांपुढे येतात, बुद्ध आणि ख्रिस्त. पण नुसतं गोड बोलून ते थांबले नाहीत. दक्षिणेत चर्चमध्येही जात पाळली जाते आणि ख्रिस्ती समाज राजकारणापासून, अन्यायाविरुद्धच्या लढ्यापासून दूर राहतो, हेही तोंडावर सुनावलं. पुढे त्यांनी बुद्ध निवडला, विचारपूर्वक निवडला, आणि आपण त्या वाटेवर आहोत. पण ज्यांच्यापुढे उभं राहून ते असं मोकळेपणाने बोलले, त्यांच्या दारातला फराळ आपल्याला विटाळ कसा होईल?

आणखी एक सांगतो, कारण कचेरीत मी जातीच्या दाखल्यांचे कागद बघतो. १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीची सवलत फक्त हिंदूंना होती. शिखांना ती १९५६ साली मिळाली, आपल्याला केंद्राकडून १९९० साली. ख्रिस्ती झालेल्यांना त्या आदेशाखाली ती अजून नाही; २०२२ साली सरन्यायाधीश राहिलेल्या बालकृष्णन यांचा आयोग त्यासाठी नेमला गेला. चौतीस वर्षं आपण जिथे ताटकळलो, तिथे हे लोक अजून उभे आहेत.

तर, तीन वर्षांपूर्वी थोरलीने शाळेत पुठ्ठ्याची चांदणी केली आणि घरी येऊन म्हणाली, "आजी, ही कुणाच्या दारात लावायची? आपल्याकडे तर नाताळ नसतो." आई बराच वेळ ती चांदणी हातात घेऊन बसली. मग मला म्हणाली, "सोमवारी सुट्टी हाय न्हवं? सोलापूरला जाऊन येऊ. आक्का म्हातारी झालीया." मंगळवेढ्याची ज्वारी आणि शेंगांची चटणी पिशवीत घालून आम्ही सगळे एस.टी.ने गेलो.

तिथे काय झालं, ते सगळं लिहीत नाही. दोघी बहिणी स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. एवढ्यात बाहेरच्या खोलीत मुलं गव्हाणीच्या देखाव्यापुढे बसली होती. मातीची गाय, मेंढरं आणि वाळक्या गवतावर बाळ. मावशीआजीने सांगितलं, की बाळंतपण जवळ आलेलं, पण उतरायला कुठे जागाच मिळाली नाही, म्हणून गोठ्यात बाळ झालं. माझी आई दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "म्हंजी ह्यास्नीबी कुणी जागा न्हाई दिली." मला तर महाडचे फत्तेखानच आठवले.

हात जोडायचे का नाही, ही अडचण आलीच. मी मुलांना जाताना सांगून ठेवलं होतं, की आपण पाहुणे आहोत. त्यांची प्रार्थना चालू असताना गप्प बसायचं, वळवळ करायची नाही, आपण प्रार्थना म्हणायची गरज नाही. बावीस प्रतिज्ञांपैकी एकही त्यामुळे मोडत नाही. मावशीआजी १४ एप्रिलला आमच्याकडे येते, तेव्हा वंदनेच्या वेळी तीही अशीच शांत बसते आणि नंतर बुंदीची पाकळी मागून घेते.

राहिला सांताक्लॉज. त्याच्याबद्दल आबांचं मत पक्कं आहे. रात्री म्हातारा येऊन उशाशी खाऊ ठेवून जातो, हे पोरांना सांगायला ते तयार नाहीत. "चौथं शील रोज म्हणायचं आणि पोरांशीच खोटं बोलायचं?" मला त्यांचं म्हणणं मान्य आहे. खाऊ आणला तर बापाने पगारातून आणला, असं सरळ सांगावं. पण सांताची गोष्ट सांगायला हरकत नाही, ती चांगली आहे. आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावी चौथ्या शतकात निकोलस नावाचे बिशप होते, गरिबांना गुपचूप मदत करत, अशी आख्यायिका. त्यांच्यावरून सांता आला. आज आपण पाहतो तो गुबगुबीत, दाढीवाला सांता रूढ केला मुख्यतः अमेरिकेतल्या थॉमस नॅस्ट या चित्रकाराने. त्याचं पहिलं सांताचं चित्र जानेवारी १८६३ चं. त्यात सांता उत्तरेकडच्या सैनिकांच्या छावणीत खाऊ वाटतो आहे. म्हणजे कोणते सैनिक? गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेविरुद्ध लढणारे. त्याच महिन्याच्या १ तारखेला लिंकनने गुलामांच्या मुक्तीची घोषणा अमलात आणली होती. त्या युद्धाने गुलामगिरी संपली आणि पुढे, १८७३ साली, आमच्या जोतिबांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक त्या कामासाठी झटणाऱ्या अमेरिकन लोकांनाच अर्पण केलं. आता सांगा, सांताला दारातून हाकलायचं कसं?

टोपीला मी नाही म्हणत नाही. घरातल्या लाल कापडाची आई शिवून देते, कापूस उशीतला. भाड्याचा पोशाख मात्र आणायचा नाही आणि प्लॅस्टिकचं झाडही नाही. ज्या घरात आठवड्याचा बाजार मोजून भरावा लागतो, त्या घराने एका दिवसाच्या पोशाखाला शे-दोनशे रुपये घालवू नयेत. शाळेने आग्रहच धरला, तर पालक सभेत उभं राहून बोलावं. चार आया मिळून बोलल्या, की शाळा ऐकते, हा माझा अनुभव आहे. त्याच वेळी बाईंना हेही विचारावं, की चोवीस तारखेला मुलांना महाडबद्दल दोन शब्द कोण सांगणार? आमच्या शाळेतल्या बाईंनी गेल्या वर्षी आबांनाच बोलावलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि दहा मिनिटं म्हणून अर्धा तास बोलले.

यंदा सोलापूरला सकाळच्या गाडीने जायचं ठरलं आहे. रानात हुरडा आला असेल तर तो न्यायचा, नाहीतर ज्वारीचं पीठ. संध्याकाळी साडेसहापर्यंत परत यायचं, कारण घमेलं आणि चिठ्ठ्या घरी वाट बघत असतात. महाडला ती होळी रात्री नऊला झाली, पण आमच्याकडे नऊपर्यंत धाकटा झोपून जातो. म्हणून आबा गोष्ट साडेसातलाच सुरू करतात.