‘संकट म्हणजे संधी’ ही चिनी स्लाइड मी का काढून टाकली



चॅनलचे जुने व्हिडिओ ज्यांनी पाहिलेत त्यांना माझी एक स्लाइड आठवत असेल. काळ्या पडद्यावर दोन चिनी अक्षरं. पहिलं अक्षर धोका, दुसरं संधी, आणि दोन्ही मिळून संकट! टाळ्या हमखास पडायच्या. बरीच वर्षं वापरली मी ती. आता काढून टाकलीय.

ही कल्पना माझी नव्हतीच. जॉन केनेडी यांनी १९५९-६० च्या भाषणांत ती सांगितली, अल गोर यांनी २००७ मध्ये नोबेल स्वीकारताना सांगितली, आणि फिरत फिरत ती आपल्या मंगल कार्यालयांतल्या उद्योजक शिबिरांपर्यंत आली. एवढी मोठी माणसं बोलली म्हटल्यावर तपासतंय कोण?

चिनी शब्द आहे ‘वेइजी’. ‘वेइ’ म्हणजे धोका, इथपर्यंत ठीक. गडबड ‘जी’मध्ये आहे. चिनी भाषेचे अमेरिकी अभ्यासक व्हिक्टर मेअर यांनी ही चूक सविस्तर दाखवून दिलीय. ‘जी’ या अक्षराचा जुना संबंध धनुष्याच्या खटक्याशी आणि हातमागाशी. म्हणजे जो भाग हलला की सगळं हलतं, तो. त्यावरून यंत्र, आणि गोष्ट या नाहीतर त्या बाजूला कलते ती निर्णायक घडी, असेही अर्थ आले. संधीला चिनीत ‘जीहुइ’ म्हणतात. तिथं ‘जी’ला ‘हुइ’ जोडावं लागतं, तेव्हा कुठं संधी होते. विमान म्हणजे ‘फेइजी’, मोबाइल म्हणजे ‘शोउजी’. ‘शोउ’ म्हणजे हात. माझ्या स्लाइडच्या हिशेबानं मोबाइल म्हणजे हातातली संधी झाला असता!

आपल्या मराठीतलंच उदाहरण घ्या. संधिवात. शब्दात ‘संधी’ आहे ना? म्हणून गुडघे धरून बसलेल्या आजीला कुणी म्हणालं, ‘आजी, दुखण्यात संधी दडलीय,’ तर आजी काठी उचलेल. तिथं संधी म्हणजे सांधा. मी चिनी शब्दाचं नेमकं हेच केलं होतं.

‘वेइजी’ म्हणजे धोका जिथं कुठल्याही बाजूला वळू शकतो ती घडी. त्या घडीला माणूस आधी सावध होतो. झेप घ्यायला पळत नाही.

आता तुम्ही म्हणाल, सर, अर्थ चुकीचा असेना, प्रेरणा तर मिळते! मीही हेच म्हणायचो. मग कळंबकडच्या एका शिबिरात शेळीपालन करणारी एक ताई चहाच्या वेळी माझ्याजवळ आली. दुष्काळात चारा संपला, तेव्हा तिनं उस्मानाबादी शेळ्या बाजारात नेल्या. सगळा तालुकाच जनावरं घेऊन आलेला, त्यामुळे भाव पडलेले. ती म्हणाली, “सर, संधी आलती की. पण ती घेणाऱ्याची हुती. आमची नव्हती.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

संकटात संधी असते, पण ज्याच्या हातात रोख आहे त्याला. ज्याच्यावर हप्ता आहे आणि चारा नाही, त्याला ती नसते. सप्टेंबर २०२५ च्या पुरात परंडा, भूम भागात ज्यांची जनावरं वाहून गेली, त्यांच्यापुढं ती स्लाइड लावायची माझी तरी हिंमत नाही. आणि खरं सांगू, ‘संकट म्हणजे संधी’ ऐकून भर अडचणीत नवं कर्ज काढलेली माणसं मी पाहिलीत. त्यात माझ्या टाळ्यांचा वाटा किती, याचा हिशेब मला लागत नाही.

त्या जागी आता मी एक साधा कागद वाटतो. विक्री पूर्ण थांबली तर घरखर्च आणि हप्ते धरून किती दिवस निघतील? उधारी कुणाकडं किती, आणि त्यातली आठ दिवसांत वसूल होण्यासारखी कुठली? चारा महाग व्हायच्या आधी किती शेळ्या विकायच्या, आणि कुठल्या काही झालं तरी ठेवायच्या? हा आकडा पाऊस लांबल्यावर काढायचा नसतो. आत्ता काढायचा.

टाळ्या कमी पडतात, हे खरंय. मागच्या शिबिरात तर एकही पडली नाही, सगळे खाली मान घालून लिहीत होते.