बोलक्या हातांचं बेट

मंडळी, नकाशात इटली देश बुटासारखा दिसतो. त्या बुटाच्या टोकापुढे एक तिकोनी बेट आहे, त्याचं नाव सिसिली. गहू, द्राक्षं, संत्री आणि लिंबं पिकवणारा हा मुलूख. इथली माणसं जिभेइतकीच हातांनी बोलतात.

पाची बोटांची टोकं जुळवून वर धरली आणि मनगट हलवलं, की समजावं, "अरे, तुझं म्हणणं तरी काय?" तर्जनी गालाला टेकवून फिरवली, तर जेवण फक्कड झालं. तर्जनी आणि करंगळी शिंगांसारखी जमिनीकडे रोखली, तर दृष्ट लागू नये म्हणून. पण तीच शिंगं वर करून एखाद्या गड्याला दाखवली, तर त्याच्या बायकोचं पाऊल वाकडं पडलं असं म्हटल्यासारखं. मग भांडण ठरलेलंच!

परक्याची खरी फसगत होते ती नकारात. जुन्या वळणाचा सिसिलियन "नाही" म्हणायला मान मागे टाकतो, भुवया उंचावतो आणि जिभेने 'च्' करतो. पाहुण्याला वाटतं, होकारच मिळाला! ग्रीस देशातही नकार असाच देतात. इसवी सनापूर्वी आठव्या शतकात ग्रीक लोक सिसिलीत येऊन वसले. ही खूण त्यांच्याबरोबर आली असावी, असं अभ्यासक मानतात.

तिथे न बोलण्यालाही अर्थ आहे. माफिया टोळ्यांच्या दहशतीमुळे, गुन्हा डोळ्यांदेखत घडला तरी लोक पोलिसांपुढे तोंड उघडत नसत. या मौनाला 'ओमेर्ता' म्हणतात. पालेर्मो शहरातले कापड-कारखानदार लिबेरो ग्रासी यांनी ते मोडलं. खंडणी देणार नाही, असं त्यांनी जानेवारी १९९१ मध्ये वर्तमानपत्रात उघड पत्र लिहून सांगितलं. इतर व्यापारी गप्पच राहिले. त्याच वर्षी २९ ऑगस्टला ग्रासींचा भररस्त्यात खून झाला.

पण त्यांचा शब्द वाया गेला नाही. २००४ साली पालेर्मोच्या काही तरुणांनी खंडणीविरुद्धच्या चिठ्ठ्या शहरभर चिकटवल्या. पुढे कित्येक दुकानदारांनी आपण खंडणी देत नाही असं दारावर लावून टाकलं.

जेवणाची तारीफ करायला गालावरचं एक बोट पुरतं. जुलमाला नकार द्यायचा, तर तो तोंडानेच द्यावा लागतो. आणि एकट्याने नव्हे, सगळ्यांनी मिळून.