नोटिशीशिवाय नाव कापायचे नाही

निवेदने देऊन झाली.

अर्ज दिले, पोच घेतली. साहेब फिरतीवर आहेत म्हटल्यावर परत फिरलो आणि पुन्हा आलो. स्मरणपत्रेही दिली. उत्तर आले नाही. कार्यालयाचे नाव इथे घेत नाही. ज्यांना हे लिहिले आहे, त्यांना ते कळेल.

आम्ही ताम्हिणी परिसरातले मतदार. गावठाणातले, धनगरवाड्यांवरचे, कातकरी वाड्यांवरचे. पावसात दरड आली की आमचा रस्ता बंद होतो. मतदानाला मात्र आम्ही चुकत नाही.

मागणी एकच आहे. आमच्यापैकी कुणाचे नाव यादीतून काढायचे असेल, तर आधी त्याला नोटीस द्या. त्याचे ऐका. मग ठरवा.

यात मेहरबानी कसलीच नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० चे कलम २२ वाचा. माणूस इथे राहत नाही किंवा तो पात्र नाही, असे म्हणून नाव काढायचे, तर त्याला बाजू मांडण्याची वाजवी संधी द्यावीच लागते.

मेलेल्याचे नाव काढा. दोनदा आलेले नाव काढा. त्याला आमची हरकत नाही. अशा नावांची माहिती आम्हीच देऊ.

जिवंत माणसाचे नाव त्याच्या पाठीमागे जाते, तिथे आमची हरकत आहे.

दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात. मुले बरोबर, म्हातारी बरोबर, दाराला कुलूप. पाऊस जवळ आला की परत येतात. यादीचे वार्षिक पुनरीक्षण बहुधा याच थंडीच्या महिन्यांत चालते. तपासणीला आलेल्याला कुलूप दिसते. रकान्यात ‘स्थलांतरित’ असे लिहिले की काम संपले.

कलम २० काय सांगते? तात्पुरते बाहेर गेल्याने माणसाचे राहते ठिकाण सुटत नाही. भट्टी हे त्यांचे काम आहे. घर इथे आहे.

महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमातींना केंद्र सरकारने विशेष असुरक्षित आदिवासी गट मानले, त्यांत कातकरी आहेत. त्यांची नावे नोंदवायला शिबिरे भरतात. कापायला एक कुलूप पुरते.

आता नमुना ७ बद्दल, म्हणजे यादीतल्या नावावर आक्षेप घेण्याच्या अर्जाबद्दल.

मतदान केंद्रावर उमेदवाराच्या प्रतिनिधीला मतदाराच्या ओळखीवर आक्षेप घ्यायचा असेल, तर दोन रुपये अनामत भरावी लागते. तिथे मतदार समोर उभा असतो. केंद्राध्यक्ष तिथल्या तिथे चौकशी करतो. नुसता त्रास द्यायला घेतलेला आक्षेप असेल, तर अनामत जप्त होते.

नमुना ७ ला तेवढेही लागत नाही. आक्षेप घेणारा त्याच मतदारसंघाचा मतदार असला की झाले. आमचा भोर मतदारसंघ तीन तालुक्यांचा आहे. भोर, वेल्हे म्हणजे आताचा राजगड, आणि मुळशी. पार दुसऱ्या टोकाच्या माणसाने ताम्हिणीच्या वाडीवरच्या बाईवर आक्षेप घेतला, तरी कायद्याला चालते. तिला त्याने कधी पाहिलेले नसते.

म्हणून सिद्ध करण्याचे ओझे त्याच्यावर आहे. तिच्यावर नाही.

१९९५ साली लाल बाबू हुसेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न निकालात काढला. त्यात मुंबईचे मतदार होते, दिल्लीचे होते. आधीपासून यादीत असलेल्या नावाला वजन आहे. विरोधातला पुरावा त्या माणसाला दाखवावा लागतो. अधिकाऱ्याने स्वतःच्या बुद्धीने निर्णय द्यायचा असतो, दुसऱ्याच्या अहवालावर शिक्का मारायचा नसतो.

तीस वर्षे झाली त्या निकालाला. तरी खोटे अर्ज थांबलेले नाहीत.

सोलापूरला लागून कलबुर्गी जिल्हा आहे. तिथल्या आळंद मतदारसंघात २०२३ च्या विधानसभा निवडणुकीआधी नावे वगळण्यासाठी ६,०१८ ऑनलाइन अर्ज आले. तपासल्यावर खरे निघाले २४. दुसऱ्यांच्याच नावाने अर्ज भरलेले होते, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुन्हा नोंदला गेला. तिथली नावे वाचली, कारण वेळेत तपासणी झाली.

बिहारमध्ये २०२५ च्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे गळाली. ती कारणांसह जाहीर करा, असे १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. ६५ लाखांची कारणे लावता येतात. मग आमच्या यादीभागातल्या मूठभर नावांची का लावता येत नाहीत?

नाव एकदा गेले की सगळीकडून जाते. राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी घेतो. म्हणजे ग्रामपंचायत गेली, जिल्हा परिषद गेली, विधानसभा आणि लोकसभाही गेली. अपील जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. मुदत १५ दिवसांची. ज्याला नाव गेल्याचेच ठाऊक नाही, त्याचे ते १५ दिवस भट्टीवर विटा थापण्यात संपतात.

आम्ही सबुरी दाखवली. ती कमजोरी समजू नका.

हा मुळशी तालुका आहे. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, इथल्या मावळ्यांनी धरणाच्या कामावर सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट त्यांच्याबरोबर होते. आमची माणसे तुरुंगात गेली, बायाही गेल्या. धरण झाले, गावे बुडाली. न विचारता घेतले जाते तेव्हा काय करायचे, ते या खोऱ्याला शिकवावे लागत नाही.

१ मेच्या ग्रामसभेपर्यंत मुदत देत आहोत.

त्या दिवशी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर वगळणीसाठी धरलेल्या प्रत्येक नावाची यादी लागलेली पाहिजे. नावापुढे कारण पाहिजे. आक्षेप कुणी घेतला, तेही पाहिजे. कामाला बाहेर गेलेल्यांची सुनावणी ते परतल्यावर, गावात घ्या. आक्षेप घेणाऱ्याने पुरावा घेऊन समोर यावे. तो आला नाही, तर आक्षेप फेटाळा. गठ्ठ्याने आलेले अर्ज गठ्ठ्याने मंजूर करू नका.

आमची तयारी झालेली आहे. वाडीवाडीची वही भरली आहे. कोणत्या घरातले कोण, कुठल्या कामाला, कधी परतणार, सगळे लिहिलेले आहे. शेजाऱ्यांच्या सह्या आहेत, अंगठे आहेत.

यापुढे नोटिशीशिवाय एक जरी नाव गेले, तरी त्या माणसाचे अपील मुदतीत दाखल होईल. शंभर गेली, तर शंभर अपिले होतील. ज्याने खोटे लिहून दिले, त्याच्यावर १९५० च्याच अधिनियमाच्या कलम ३१ खाली तक्रार होईल. त्यात एक वर्षापर्यंत कैद आहे. ज्या अधिकाऱ्याने वाजवी कारणाशिवाय कर्तव्यात कसूर केली, त्याच्यासाठी कलम ३२ आहे. त्यात कमीत कमी तीन महिने, जास्तीत जास्त दोन वर्षे. हा खटला आयोगाच्या किंवा मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय उभा राहत नाही, हे आम्हाला माहीत आहे. कागद त्यांच्याच टेबलावर जातील. तिथे थांबले, तर उच्च न्यायालयात जातील.

१ मेला सकाळी आम्ही फळा पाहू.

तो कोरा असेल, तर त्यानंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी कार्यालय उघडताना आम्ही दारात असू. भट्टीवरून आलेली माणसेही असतील. यादी हातात पडेपर्यंत कुणी उठणार नाही. शिधा बरोबर असेल.