चेंडू बदलण्याआधी खेळाडूंना विचारा

अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगने जून 2006 मध्ये जाहीर केले, की येत्या हंगामापासून कातडी चेंडू बंद. 1970 साली चार पाकळ्यांचा चेंडू जाऊन आठ पाकळ्यांचा आला, त्यानंतर पस्तीस वर्षे त्याला कुणी धक्का लावला नव्हता. नवा चेंडू मायक्रोफायबरचा, एकमेकांत गुंतवलेल्या दोनच तुकड्यांचा होता. बनवणारी कंपनी जुनीच, स्पॉल्डिंग. कातड्याचा प्रत्येक चेंडू थोडा वेगळा निघतो आणि रुळायला वेळ घेतो. कृत्रिम चेंडू पहिल्या दिवसापासून सारखाच वागेल, असे लीगचे म्हणणे. ऐकायला ते पटण्यासारखे होते. प्राणिमित्र संघटनांनाही निर्णय आवडला.

हा चेंडू ज्यांच्या हातात पडणार होता, त्यांना मात्र पुरेसे विचारलेच नव्हते.

नामवंत खेळाडू शकील ओनीलला तो खेळण्यांच्या दुकानातल्या स्वस्त चेंडूसारखा वाटला. लागोपाठ दोन वर्षे सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या स्टीव्ह नॅशच्या बोटांना चिरा पडू लागल्या. कोरडा असताना चेंडू हाताला चिकटतो, घाम लागला की निसटतो, अशी तक्रार संघासंघातून येऊ लागली. डॅलस संघाचे मालक मार्क क्युबन यांनी मग टेक्सस विद्यापीठाच्या आर्लिंग्टन शाखेतल्या भौतिकशास्त्रज्ञांकडून दोन्ही चेंडू तपासून घेतले. नवा चेंडू पाच ते आठ टक्के कमी उसळत होता, आणि टप्पा खाऊन भलतीकडे जाण्याचे प्रमाण तीस टक्क्यांनी जास्त होते. घामाचे कोडेही उलगडले. कातडे ओल शोषून घेते, म्हणून पकड टिकते. कृत्रिम आवरणावर ती वरच राहते. खेळाडूंच्या बोटांना जे आधीच कळले होते, तेच प्रयोगशाळेने आकड्यांत मांडले.

1 डिसेंबरला खेळाडूंच्या संघटनेने कामगार मंडळाकडे रीतसर तक्रार नोंदवली. इथे खरा मुद्दा पुढे आला: चेंडू हे खेळाडूचे कामाचे हत्यार आहे, आणि सुताराची पटाशी त्याला न विचारता कुणी बदलत नाही. दहा दिवसांत लीगने माघार घेतली. 1 जानेवारी 2007 पासून कातडी चेंडू परत आला, आणि आयुक्त डेव्हिड स्टर्न यांनी जबाबदारी स्वतःवर घेतली. भर हंगामात असा निर्णय फिरवायलाही धैर्य लागते.

ऑक्टोबर 2019 मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचे भारतातले पहिले सामने झाले, तेही कातडी चेंडूनेच. 2021 मध्ये स्पॉल्डिंगच्या जागी विल्सन कंपनी आली, तेव्हा शिकागोच्या हॉर्वीन कारखान्याचे तेच कातडे आणि त्याच आठ पाकळ्या ठेवल्या गेल्या. तरीही पॉल जॉर्जसारख्या खेळाडूने चेंडू वेगळा लागतो, असे सांगितलेच. आपल्याकडे क्रिकेटमध्येही हेच घडले. 2018 मध्ये विराट कोहलीने मेरठच्या एसजी चेंडूबद्दल उघड नाराजी व्यक्त केली आणि कसोटीसाठी ड्यूक्स चेंडूची बाजू घेतली.

आता हिंगोली-वाशीम रस्त्यावरच्या कनेरगाव नाक्यासारख्या गावातल्या शाळेचा विचार करू. अशा गावांत बास्केटबॉल खेळायचे तर बहुधा माती किंवा सिमेंटवर, उघड्यावर, उन्हात. तिथे महागडा कातडी चेंडू आणणे म्हणजे पैसे वाया घालवणे. तो बंदिस्त लाकडी मैदानासाठी असतो, खरखरीत जमिनीवर लवकर सोलपटतो. मैदानाला साजेसा चेंडू रबराचाच. पण रबराचा म्हणजे कुठलाही नव्हे. मुलींसाठी सहा नंबर, मोठ्या मुलांसाठी सात, लहानग्यांसाठी पाच, एवढा फरक तरी खरेदीत पाळलाच पाहिजे. सात नंबरचा चेंडू हातात मावत नाही म्हणून एखादी मुलगी खेळ सोडत असेल, तर दोष तिचा नाही.

चेंडूची तपासणी अवघडही नाही. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमांत बरीच वर्षे एक साधी कसोटी होती: चेंडूचा तळ जमिनीपासून 1.8 मीटरवर धरून सोडावा, उसळल्यावर त्याचा माथा 1.2 ते 1.4 मीटरपर्यंत यावा. भिंतीवर खडूने तीन रेघा ओढल्या की काम झाले.

म्हणून मुख्याध्यापकांना आणि क्रीडा शिक्षकांना विनंती आहे. पुढच्या वेळी क्रीडा साहित्याची मागणी लिहिण्याआधी दोन-तीन प्रकारचे चेंडू नमुन्याला मागवा, ते आठवडाभर मुलामुलींना खेळायला द्या, आणि त्यांनी निवडलेल्या चेंडूचेच नाव यादीत घाला.