तोफेचा आवाज आणि शेअरचा भाव

सीमेवर तोफ वाजली की तिचा पडसाद दलाल स्ट्रीटवर उमटतो. ७ मे २०२५ रोजी ऑपरेशन सिंदूर सुरू झाले, १० मे रोजी गोळीबार थांबला आणि त्यानंतरच्या दिवसांत संरक्षण साहित्य बनविणाऱ्या भारतीय कंपन्यांचे शेअर झपाट्याने चढले. गंमत अशी की, पाकिस्तानला लढाऊ विमाने पुरविणाऱ्या चीनमधील चेंगडू येथील कंपनीचा शेअरही त्याच आठवड्यात वर गेला. म्हणजे सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे माणसे काळजीत होती, आणि दोन्ही बाजूंच्या शस्त्रांचे भाव मात्र एकाच वेळी वाढत होते.

असा तणाव आला की आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांत एक प्रश्न हमखास निघतो : संरक्षण क्षेत्रातला कोणता शेअर घ्यावा? आमच्या मते हा प्रश्न चौथ्या क्रमांकाचा आहे. त्याच्या आधी तीन प्रश्न येतात. कोणत्या पैशाने घ्यावा? कोणत्या भावाला घ्यावा? आणि किती वर्षे थांबण्याची तयारी आहे? या तिन्हींची उत्तरे ज्याच्याकडे नाहीत, त्याने चौथ्या प्रश्नाकडे वळूच नये.

हा धंदा आपल्या दारातला आहे

विश्रांतवाडीच्या माणसाला संरक्षण उत्पादन हा विषय परका नाही. आळंदी रस्त्याने दिघीकडे निघाले की लष्करी पूल आणि क्षेपणास्त्रांचे लाँचर विकसित करणारी डीआरडीओची प्रयोगशाळा लागते. दुसऱ्या अंगाला खडकीचा दारूगोळा कारखाना आहे, तो १८६९ पासूनचा. डोक्यावरून लोहगावच्या तळावरची लढाऊ विमाने जातात. पलीकडे भोसरीच्या शेडमध्ये लेथ आणि मिलिंग मशिनवर सुटे भाग बनतात, तर मुंढव्यात भारत फोर्ज आहे. या पट्ट्यात ज्यांनी नोकरी केली किंवा जॉबवर्क केले, त्यांना एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. या धंद्यात नमुना मंजूर होणे वेगळे, ऑर्डर येणे वेगळे, माल तपासणीत पास होणे वेगळे आणि बिलाचे पैसे हाती पडणे त्याहून वेगळे.

एकच उदाहरण पाहा. पाषाणच्या एआरडीई या प्रयोगशाळेच्या पुढाकाराने १५५ मिलिमीटरच्या नव्या ओढत्या तोफेचे काम २०१३ मध्ये सुरू झाले. चाचण्या झाल्या, सुधारणा झाल्या, पुन्हा चाचण्या झाल्या. भारत फोर्ज आणि टाटा यांच्याशी ३०७ तोफांचा, सुमारे ६,९०० कोटी रुपयांचा करार झाला तो मार्च २०२५ मध्ये. एका तोफेला करारापर्यंत पोहोचायला बारा वर्षे लागली. मे २०२५ ची लढाई चार दिवसांची होती. चार दिवसांच्या बातमीवर घेतलेला शेअर बारा वर्षांच्या धंद्याचा हिशेब कसा सांगणार?

ऑर्डर म्हणजे रोकड नव्हे

दलाल आणि सल्लागार मंडळी हल्ली ‘ऑर्डर बुक’ हा शब्द फार वापरतात. अमुक कंपनीकडे इतक्या हजार कोटींच्या ऑर्डरी आहेत, म्हणून शेअर घ्या, असे सांगतात. आपल्या कारागिराला हे कोडे पडू नये. कच्चा माल आला नाही तर भरलेली ऑर्डरवही घेऊन तोही हातावर हात ठेवून बसतो.

हिंदुस्थान एरोनॉटिक्सला फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ तेजस विमानांची मोठी ऑर्डर मिळाली. पहिले विमान मार्च २०२४ पर्यंत द्यायचे होते. इंजिन अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडून यायचे होते आणि त्या मालिकेतले पहिले इंजिन आले मार्च २०२५ मध्ये. नाशिकला जुळविलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए विमानाने उड्डाण केले ऑक्टोबर २०२५ मध्ये. दरम्यान सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ विमानांची ऑर्डरही आली. ऑर्डरींचा डोंगर वाढला, पण मुदत केव्हाच टळून गेली होती. कंपनी भक्कम आहे, तिचा नफाही खरा आहे. प्रश्न एवढाच की, शेअर घेणाऱ्याने ऑर्डरीचा आकडा आणि हाती आलेली रक्कम हे एकच समजू नये.

दुसरी बाब गिऱ्हाइकाची. या धंद्यात मोठे गिऱ्हाईक एकच : सरकार. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात संरक्षणासाठी सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी रुपये होते. आकडा ऐकून डोळे विस्फारतात. परंतु त्यात पगार आले, पेन्शन आली, धान्य-इंधन आले. विमाने, जहाजे, तोफा अशा भांडवली खर्चासाठी होते १ लाख ८० हजार कोटी. तेच सर्व कंपन्यांत आणि परदेशी खरेदीत वाटले जायचे. एकाच गिऱ्हाइकावर दुकान चालविणाऱ्याची झोप कशी असते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

हेच गिऱ्हाईक सरकारी कंपन्यांचे मालकही आहे आणि भाव चढला की आपला हिस्सा विकायलाही काढते. ऑक्टोबर २०२४ मध्ये कोचीन शिपयार्डचे आणि एप्रिल २०२५ मध्ये माझगाव डॉकचे शेअर सरकारने चालू बाजारभावाहून कमी किमतीला विक्रीस काढले आणि बाजारातला भाव लगेच खाली आला. ज्या मालकाला दुकानाची आतली माहिती आहे तो जेव्हा विकतो, तेव्हा घेणाऱ्याने क्षणभर थांबावे.

माल चांगला, पण भाव?

बोहरी आळीचा कुठलाही व्यापारी सांगेल की, नफा खरेदीत असतो, विक्रीत नव्हे. शेअरलाही हाच नियम लागू आहे.

मुंबईच्या माझगाव डॉकने २०२३-२४ या वर्षात सुमारे १,९०० कोटी रुपये नफा कमावला. जुलै २०२४ मध्ये शेअर शिखरावर असताना बाजार त्या कंपनीची किंमत लाख कोटींच्या वर, म्हणजे वार्षिक नफ्याच्या साठ पटीच्या आसपास करीत होता. वर्षाला एक लाख निव्वळ मिळवून देणाऱ्या दुकानाला आपण साठ लाख पगडी देऊ का? दुकान दरवर्षी वेगाने वाढणार अशी खात्री असली तर कदाचित देऊही. पण मग ती वाढ एक वर्ष जरी चुकली तरी भाव कोसळतो. त्याच महिन्यात तीन हजारांच्या जवळ गेलेला कोचीन शिपयार्डचा शेअर फेब्रुवारी २०२५ पर्यंत निम्म्याच्याही खाली आला होता. त्या काळात गोदी बंद पडली नव्हती, ऑर्डरीही रद्द झाल्या नव्हत्या. फुगलेला भाव तेवढा उतरला.

नवी मुंबईची ड्रोन बनविणारी आयडियाफोर्ज ही कंपनी जुलै २०२३ मध्ये बाजारात आली. शेअर विकला गेला ६७२ रुपयांना, पहिल्याच दिवशी भाव १,३०० च्या घरात. ज्यांनी त्या दिवशी उत्साहाने खरेदी केली त्यांचे पुढे काय झाले? २०२५ च्या सुरुवातीस तो शेअर चारशेच्या खाली होता आणि २०२४-२५ या वर्षात कंपनी तोट्यात गेली. ड्रोनचे युग आले हे खरेच होते. पण युग येणे आणि आपल्या शेअरला नफा होणे यांत अंतर असते.

उलट बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. मार्च २०१८ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा शेअर १,२१५ रुपयांना विक्रीस आला तेव्हा लहान गुंतवणूकदारांसाठी राखलेला हिस्सासुद्धा पूर्ण भरला नाही. नंतर काही काळ भाव खालीच रेंगाळला. ज्यांनी तेव्हा घेतला आणि धरून ठेवला, त्यांचे पैसे २०२४ पर्यंत आठ पटींहून अधिक झाले. युरोपातही जर्मनीच्या ऱ्हाइनमेटालचा शेअर फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू होण्यापूर्वी शंभर युरोच्या आसपास होता, मार्च २०२५ मध्ये तो हजारावर गेला. पण तिथे केवळ युद्धाची बातमी नव्हती. जर्मन सरकारने सैन्यासाठी १०० अब्ज युरोचा खास निधी जाहीर केला होता आणि वर्षानुवर्षे खर्च वाढविण्याचे धोरण घेतले होते. धडा असा की, संरक्षण क्षेत्र वाईट नाही. पैसा झाला तो शांततेच्या दिवसांत स्वस्त घेणाऱ्याचा आणि सरकारी धोरण वाचणाऱ्याचा. दूरदर्शनवरच्या आरडाओरड्यावर धावणाऱ्याचा नव्हे.

हलाल-हरामचा प्रश्न

आपल्या वाचकांपुढे आणखी एक प्रश्न असतो आणि तो टाळून चालणार नाही. शस्त्रांच्या धंद्यातील हिस्सा जायज आहे का? या बाबतीत उलेमांची मते एकसारखी नाहीत. डाऊ जोन्सच्या इस्लामी निर्देशांकात शस्त्रास्त्र कंपन्या घेतल्या जात नाहीत. दुसरीकडे देशाच्या रक्षणासाठी लागणारे साहित्य बनविणे हे जायज काम आहे, असेही मत आहे. फतवा देणे हे व्यापार पानाचे काम नव्हे. ज्याच्या मनात शंका असेल त्याने आपल्या विश्वासातील आलिमांना विचारावे.

मात्र हिशेबाची एक बाब आम्ही सांगू शकतो, कारण ती ताळेबंदात दिसते. संरक्षण क्षेत्रातील सरकारी कंपन्यांना कामापूर्वी मोठी आगाऊ रक्कम मिळते. ती बँकेत ठेव म्हणून राहते आणि तिच्यावर व्याज येते. माझगाव डॉकसारख्या कंपनीच्या नफ्यात या ‘इतर उत्पन्ना’चा वाटा लहान नाही. तेव्हा कर्ज नाही म्हणून कंपनी शरियतच्या कसोटीत बसली असे परस्पर ठरवू नये, व्याजाच्या उत्पन्नाचा रकानाही पाहावा.

आणि वायदे बाजाराबद्दल तर संदेह उरण्याचे कारण नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्सचे व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात होत्या. सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख रुपये. ज्यात शंभरातले ९३ हरतात त्याला व्यापार म्हणायचे की जुगार, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

मग करावे काय?

पहिले : खेळते भांडवल शेअरमध्ये घालू नये. दुकानाचा माल, कारागिरांची मजुरी, भिशीचा हप्ता, मुलीच्या लग्नाची किंवा हजसाठी बाजूला काढलेली रक्कम हे पैसे शेअर बाजाराचे नव्हेत. पाच वर्षे लागणार नाहीत अशीच रक्कम घालावी, आणि तीही एका क्षेत्रात सगळी नको.

दुसरे : बातमीच्या आठवड्यात खरेदी करू नये. घ्यायचेच असेल तर थोडे थोडे, महिन्या-महिन्याने घ्यावे. म्युच्युअल फंडातून घेतो म्हणून धोका टळतो असेही नाही. देशातला संरक्षण निर्देशांकावर चालणारा पहिला फंड जून २०२४ मध्ये विक्रीस आला, म्हणजे नेमका भाव शिखरावर पोहोचत असताना. पुढच्या सात-आठ महिन्यांत तो निर्देशांक सुमारे एक तृतीयांश घसरला.

तिसरे : फोनवर येणाऱ्या ‘आतल्या बातमी’ला भुलू नये. खडकी, देहूरोडचे आयुध कारखाने ज्या सात सरकारी कंपन्यांत ऑक्टोबर २०२१ मध्ये विभागले गेले, त्यांची स्थापना झाली तेव्हा शंभर टक्के मालकी सरकारने स्वतःकडे ठेवली. ‘खडकीच्या दारूगोळा कंपनीचे शेअर बाजारात येण्यापूर्वी मिळवून देतो’ असे कुणी म्हणाले तर त्याला दारातूनच सलाम करावा.

चौथे, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे : ज्याच्या हातात हुन्नर आहे त्याने या क्षेत्रात शिरण्याचा दुसरा दरवाजाही पाहावा. केंद्र सरकारच्या खात्यांनी व कंपन्यांनी खरेदीचा २५ टक्के हिस्सा सूक्ष्म व लघुउद्योगांकडून घ्यावा, असे धोरण आहे. उद्यम नोंदणी असलेल्या उत्पादकाला टेंडरच्या बयाणा रकमेत सवलत मिळते, आणि २००६ च्या कायद्यानुसार त्याचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते व्हायला हवे. अंमलबजावणीत ढिलाई असते हे मान्य. तरीही दोन लाखांचा शेअर घेऊन रोज भाव पाहत बसण्यापेक्षा, तेच दोन लाख मोजमापाच्या चांगल्या उपकरणांत आणि गुणवत्तेच्या प्रमाणपत्रात घातले तर भोसरीच्या एखाद्या पुरवठादाराचे काम मिळण्याची वाट मोकळी होते. त्या भांडवलावर मालकाची स्वतःची नजर राहते.

एक गोष्ट शेवटी. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरजवळ बाजारगाव येथे सोलर कंपनीच्या कारखान्यात स्फोट होऊन नऊ कामगार मरण पावले. जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याच्या आयुध कारखान्यात आठ गेले. या धंद्यातला प्रत्येक रुपया अशा हातांतून येतो. शेअर घ्यायचा तर धंदा समजून घ्यावा, भाव पाहून घ्यावा आणि सबुरीने घ्यावा. आपल्याला नफा व्हावा म्हणून सीमेवर पुन्हा आग लागावी असे ज्या दिवशी मनात येईल, त्या दिवशी तो शेअर विकून टाकावा. अशा कमाईत बरकत नसते.